आधी टिफ का आधी वेबपी? पॅकेजमधली गोल गोल भानगड

परवा रात्री साडेअकराला भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोटो टाकला, वाकडा, अर्ध्या भागावर ट्यूबलाइटचा चमकारा, आणि खाली एवढंच, "मामा हे काय आहे". पोरगा इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, भांडुपला राहतो, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड लॅपटॉप उचललाय आणि कॉलेजमधल्या कुणीतरी डोक्यात भरवलंय की लिनक्स खरं शिकायचं तर त्यातला जेंटू नावाचा प्रकार टाकायचा. मी म्हणलं होतं अरे उबुंटू टाक आणि गप झोप, पण या वयात ऐकतं कोण. तर त्या फोटोत लाल अक्षरात लिहिलं होतं की सर्क्युलर डिपेन्डन्सी आहे, टिफ नावाच्या लायब्ररीला, म्हणजे बाकीच्या प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडला, आधी वेबपी पाहिजे आणि वेबपीला आधी टिफ पाहिजे, त्यामुळे पुढे काही होणार नाही, बसा.

फोनवर अर्धा तास गेला समजवण्यात. नंतर वाटलं लिहूनच काढावं, कारण ऑफिसातली नवीन पोरंपण हेच विचारतात आणि मी दरवेळी कुठूनतरी मधूनच सुरू करतो. एक आधीच सांगतो, कमांडची नावं मी इथे आपण बोलतो तशीच लिहितोय, टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

पॅकेज म्हणजे एक प्रोग्राम, त्याच्या फायली आणि सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलेलं असतं की मला चालायला अजून कोण कोण लागतं. पॅकेज मॅनेजर ती चिठ्ठी वाचतो, मग त्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्या चिठ्ठ्या वाचतो, मग त्यांच्यातल्या नावांच्या, असं करत करत पूर्ण यादी बनवतो आणि एकेक करून बसवतो. हे ऐकायला सोपं आहे पण कुठल्या आवृत्तीचं कुणाशी पटतं आणि कुणाशी पटत नाही हे सगळं धरलं तर हे गणित भयंकर अवघड आहे, ते एनपी-कम्प्लीट आहे, म्हणजे दरवेळी झटपट सुटेल अशी रीत कुणालाच माहीत नाही, हे २००६ मध्येच सिद्ध करून झालंय, आणि रोजच्या वापरात ते चालतं कारण खऱ्या पॅकेजांच्या चिठ्ठ्या तेवढ्या खवचट नसतात. हे इथेच सोडू.

आपल्याला महत्त्वाचं काय, तर चिठ्ठीतली प्रत्येक गरज सारखी नसते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन प्रकारांत तीन पायऱ्या ठळक आहेत, डिपेन्ड्स, रेकमेंड्स आणि सजेस्ट्स. वडापावच्या गाडीवर उभे आहात असं समजा. बटाटा नसेल तर वडाच नाही, हे डिपेन्ड्स. सुकी लसणाची चटणी गाडीवाला न विचारता लावतो, तुम्हाला नको असेल तर पाव उघडायच्या आत ओरडावं लागतं, हे रेकमेंड्स. आणि बाजूच्या टपरीवरचा कटिंग, तो बरोबर छान लागतो पण तुम्ही स्वतः जाऊन मागितल्याशिवाय कोणी हातात देत नाही, हे सजेस्ट्स.

आता ती चटणी बघा, कारण डिफॉल्टचा सगळा खेळ त्या मधल्या पायरीवर आहे. डेबियन ५, म्हणजे २००९ सालच्या लेनीपासून त्यातला एप्ट हा पॅकेज मॅनेजर रेकमेंड्सवाली पॅकेजं आपणहून ओढून आणतो. लोक वैतागतात, एक छोटं टूल मागितलं तर मागून चाळीस जणांची वरात येते म्हणून. मग कोणीतरी नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स हा पर्याय शिकतो आणि सगळीकडे तोच मारत सुटतो. मी पण मारला होता. एका जुन्या ऑफिसात कंटेनरची इमेज, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं बांधलेलं गाठोडं, बारीक करायची होती, मी रेकमेंड्स बंद करून डब्ल्यूगेट हे नेटवरून फायली उतरवायचं टूल टाकलं, इमेज मस्त छोटी झाली, सगळ्यांना दाखवून झालं, आणि संध्याकाळी कळलं की एकही एचटीटीपीएस साइट उघडत नाही, सर्टिफिकेटवर विश्वासच बसत नाहीये त्याचा. कारण काय तर सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेज डब्ल्यूगेटचं डिपेन्ड्स नाही, रेकमेंड्स आहे. चटणी नको म्हणलं आणि चटणीबरोबर मीठपण गेलं. चूक पॅकेजवाल्याची नाही हां, सर्टिफिकेटशिवाय डब्ल्यूगेट चालतंच, साध्या एचटीटीपीवर चालतं, पण बहुतेकांना ज्या कामासाठी पाहिजे ते काम होत नाही. रेकमेंड्स म्हणजे नेमकं हेच.

म्हणजे डिफॉल्ट निवडणं म्हणजे तुम्ही काहीच बोलला नाहीत तर तुमच्या वतीने कोणीतरी बोलणं. आणि ते बोलणारे वेगवेगळे असतात. एखाद्या पॅकेजला मेल पाठवणारा कोणीतरी लागतो, कोणीही चालेल, तर चिठ्ठीत पहिलं नाव डिफॉल्ट-एमटीए असतं आणि मग "नाहीतर दुसरा कुठलाही". आधीपासून कोणी बसलेला नसेल तर पहिलं नाव जिंकतं, आणि ते पहिलं नाव डेबियनवर एग्झिम या मेल प्रोग्रामकडे जातं, उबुंटूवर पोस्टफिक्सकडे. चिठ्ठी तीच, निकाल वेगळा. एडिटरचंपण तसंच, नॅनोला ४० मार्क, व्हिमला ३०, म्हणून तुम्ही हात लावला नाहीत तर नॅनो उघडतं, आणि अपडेट-ऑल्टरनेटिव्ह्ज या कमांडने एकदा हाताने व्हिम निवडलंत की ते मॅन्युअल मोडमध्ये जातं आणि मग मार्क कितीही असोत तुमचं ऐकलं जातं. अपग्रेडच्या वेळी तुम्ही बदललेल्या कॉन्फिग फायलीबद्दल डीपीकेजी, म्हणजे एप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं टूल, प्रश्न विचारतं ना, त्यावर नुसतं एंटर दाबलं तर तुमची जुनी फाइल तशीच राहते. मला हा डिफॉल्ट फार आवडतो, न वाचता एंटर मारणाऱ्याचं कमीत कमी नुकसान व्हावं असा विचार केलाय कुणीतरी.

उलट डिफॉल्ट बदलला की काय होतं तेपण बघून घ्या. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० या आवृत्तीत साध्या एसएच शेलच्या, म्हणजे टाइप केलेल्या कमांड आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, मागे बॅशऐवजी डॅश ठेवलं, कारण डॅश हलकं आणि फास्ट. जगभरच्या लोकांच्या स्क्रिप्ट वर एसएच लिहून आत बॅशची भाषा बोलत होत्या, त्या सगळ्या आपटल्या. डेबियनने तोच बदल नवीन इन्स्टॉलसाठी २०११ ला डेबियन ६ मध्ये आणला, तोवर बऱ्याच स्क्रिप्ट दुरुस्त करून झाल्या होत्या.

आता जेंटू. तिथे पॅकेज तयार येत नाही, सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला कोड, येतो आणि तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्राम बनतो, त्यामुळे प्रत्येक पॅकेजला विचारता येतं की बाबा तुझ्यातलं कुठलं फीचर आत घेऊ आणि कुठलं नको. या बटणांना यूज फ्लॅग म्हणतात. बटण चालू केलं की बऱ्याचदा एक नवीन डिपेन्डन्सी जोडली जाते, बंद केलं की तुटते. ही बटणं कोण दाबतं? सगळ्यात खाली पॅकेजवाल्याचा स्वतःचा डिफॉल्ट, त्याच्यावर तुम्ही निवडलेलं प्रोफाइल, म्हणजे जेंटूने बांधून दिलेला सेटिंगचा संच, त्याच्यावर तुमची मेक-कॉन्फ फाइल जी सगळ्या सिस्टिमला लागू, त्याच्यावर पॅकेज-यूज जी एकेका पॅकेजपुरती, आणि सगळ्यात वर त्या क्षणी कमांडच्या आधी जे लिहाल ते. म्हणजे जो कामाच्या जितका जवळ उभा त्याचा शब्द शेवटचा. घरात पाहुण्यांना चहाच करायचा हे आजीचं ठरलेलं असलं तरी ओट्याशी उभी असलेली व्यक्ती कॉफी टाकते ना, तसंच.

भाच्याने डेस्कटॉप प्रोफाइल घेतलं होतं, त्यात टिफ हे बटण आधीच चालू. शिवाय कुठूनतरी मेक-कॉन्फची एक लांबलचक ओळ कॉपी केली होती, त्यात वेबपी चालू. विचारलं ही ओळ कशाला घेतलीस, तर म्हणे "असू दे ना मामा, सपोर्ट असलेला बरा". हे "असू दे ना" जे आहे ना, बहुतेक सर्क्युलर भानगडी इथूनच जन्माला येतात.

म्हणजे बघा. टिफ ही एक इमेजची फाइल, स्कॅनर आणि छपाईवाल्यांच्या जगात फार चालते. टिफच्या डब्याच्या आत चित्र वेगवेगळ्या पद्धतीने दाबून ठेवता येतं, त्यातली एक पद्धत वेबपीची, वेबपी म्हणजे वेबसाइटवर चालणारा इमेजचा दुसरा प्रकार. ती पाहिजे असेल तर टिफला कंपाइल होताना वेबपीची लायब्ररी हाताशी लागते. दुसऱ्या बाजूला वेबपीच्या पॅकेजमध्ये लायब्ररीबरोबर काही छोटी टूलं येतात, त्यातलं सी-वेबपी नावाचं टूल इतर इमेजचं वेबपी करून देतं. त्याला टिफ फाइल वाचता यावी असं वाटत असेल तर टिफची लायब्ररी लागते. तर चक्र झालं, पण नीट बघितलं तर दोन्ही गरजा हौसेच्या आहेत. टिफला वेबपीशिवाय काही अडत नाही, वेबपीला टिफशिवाय काही अडत नाही. दोन्ही बटणं एकदम चालू ठेवणाऱ्याने गाठ मारली आणि ती मारणारा म्हणजे अर्धं प्रोफाइल आणि अर्धा माझा भाचा.

आणि गंमत म्हणजे जेंटूचा पॅकेज मॅनेजर, पोर्टेज, त्याच लाल मजकुराच्या खाली स्पष्ट सांगत असतो की अमुक पॅकेजचं तमुक बटण बंद केलंत तर चक्र तुटू शकेल. फोटोत ती ओळ कापली गेली होती. लाल दिसलं की लोक वाचायचं थांबतात, खाली स्क्रोल करा बाबांनो.

तोडायचे रस्ते दोन. पहिला तात्पुरता, कमांडच्या आधी यूजमध्ये उणे वेबपी लिहायचं आणि टिफ इमर्ज करायचं (इमर्ज ही पोर्टेजची पॅकेज बसवायची कमांड), वन-शॉट लावून, म्हणजे आपण स्वतः मागितलेल्या पॅकेजांच्या यादीत त्याची नोंद होत नाही. वेबपीशिवायचं लंगडं टिफ तयार झालं. मग वेबपी इमर्ज करायचं, त्याला टिफ मिळालं, खूश. मग टिफ परत एकदा इमर्ज, या वेळी वेबपी आहेच, ते पूर्ण झालं. उणे वेबपी हे फक्त त्या एका कमांडपुरतं होतं, फायलीत कुठे लिहिलं नाही, म्हणून मागे कचरा राहत नाही. लोक इथेच चुकतात, तात्पुरतं म्हणून पॅकेज-यूजमध्ये लिहितात आणि विसरतात, आणि वर्षभराने एखादी फाइल उघडत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

दुसरा रस्ता कायमचा. वेबपीच्या पॅकेजपुरतं टिफ बटण पॅकेज-यूजमध्ये बंद करून टाकायचं, मुद्दाम, शुद्धीत. मी त्याला विचारलं तू आयुष्यात कधी टिफ फाइलची वेबपी करणार आहेस का कमांड लाइनवरून? नाही. मग ती बाजू कापून टाक, परत कधी हे चक्र दिसणार नाही आणि दोनदा कंपाइलपण करायला नको. माझं मत विचाराल तर चक्रात एक बाजू बिनकामाची असेल तर डिफॉल्टच बदलावा, आणि दोन्ही बाजू कामाच्या असतील तरच दोन फेऱ्यांचा खटाटोप करावा.

दोन्ही बाजू कामाच्या असलेलं उदाहरण तुम्ही आत्ता डोळ्याने बघताय. हा लेख. फ्रीटाइप नावाची लायब्ररी फॉन्टच्या फायलीतून अक्षराचा आकार काढून त्याचे ठिपके करते. हार्फबझ नावाची लायब्ररी ठरवते की कुठल्या अक्षराच्या जागी कुठला आकार आणि कुठे. "कि" टाइप करताना आपण क आधी देतो आणि वेलांटी नंतर, पण दिसायला वेलांटी आधी यायला लागते, क आणि ष मिळून क्ष व्हायला लागतो, र्‍हस्व मधला र डोक्यावर न चढता बाजूला अर्धा राहायला लागतो, ही सगळी जुळवाजुळव हार्फबझ करते, क्रोममध्ये, फायरफॉक्समध्ये, अँड्रॉइडमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये तीच बसलेली आहे. हार्फबझला फॉन्ट वाचायला फ्रीटाइपची मदत घेता येते. आणि फ्रीटाइपला बारीक अक्षरं स्वच्छ दिसावीत म्हणून जे ऑटो-हिंटिंग करायचं असतं त्यात हार्फबझची मदत घेता येते. झालं, परत गोल. सोर्सवरून सगळी सिस्टिम बांधणारे लोक वर्षानुवर्षं हेच करतात, आधी फ्रीटाइप हार्फबझशिवाय, मग हार्फबझ, मग फ्रीटाइप परत.

आता इथे एक फरक नीट डोक्यात बसवा, कारण तो न कळल्यामुळेच सगळा गोंधळ होतो. बांधतानाचं चक्र वेगळं आणि चालतानाचं चक्र वेगळं. वरचं सगळं बांधतानाचं होतं, तिथे खरंच अडतं, कारण एक वस्तू अस्तित्वातच नसताना दुसरी बनवायची असते. चालतानाच्या चक्रात दोन्ही वस्तू तयार आहेत, फक्त दोघी एकमेकींशिवाय चालत नाहीत. मग दोघींना एकदम आत घ्या, विषय संपला. तुमच्या उबुंटूत आत्ता असं चक्र आहे, सगळ्यात मुळाशी. लिबसी-६, म्हणजे ज्याच्यावर जवळपास सगळं उभं आहे ती लायब्ररी, तिला लिबजीसीसी-एस-१ लागतं, थ्रेड मधेच थांबवण्यासारख्या कामाला. आणि लिबजीसीसी-एस-१ ला लिबसी-६ लागतं. तुम्हाला कधी कळलं? नाही कळलं.

नाही कळलं कारण डीपीकेजी काम दोन टप्प्यात करतं, आधी अनपॅक, मग कॉन्फिगर. मुंबईत वन रूम किचनमध्ये शिफ्ट झाला असाल तर हे सांगायलाच नको. टेम्पो खाली उभा, सोसायटीचा वॉचमन घाई करतोय, तेव्हा आधी सगळं सामान नुसतं आत टाकतात, कपाट आडवं, गाद्या त्याच्यावर, खोके दारात. मग टेम्पो गेल्यावर लावायला घेतात. कपाट लागल्याशिवाय पलंग लागत नाही आणि पलंग हलवल्याशिवाय कपाट लागत नाही अशी वेळ आली तरी दोन्ही घरात आहेत, त्यामुळे कुठूनतरी सुरुवात करता येते. डीपीकेजीचा नियमपण असाच व्यवहारी आहे. चक्रातल्या ज्या पॅकेजला बसल्यानंतर चालवायची पोस्ट-इन्स्ट नावाची स्क्रिप्टच नाही, तिथे चक्र तोडायचं, कारण त्याला नंतर काही करायचंच नाहीये, नुसतं पडून राहायचंय. सगळ्यांनाच स्क्रिप्ट असेल तर मात्र कुठेतरी तोडावं लागतं आणि एखाद्याची स्क्रिप्ट तिच्या सोबत्याची तयारी पूर्ण व्हायच्या आधी चालू शकते. म्हणून पॅकेज बनवणाऱ्यांनी चक्र टाळावं असं म्हणतात. प्री-डिपेन्ड्स नावाची एक कडक पायरी आहे, ती म्हणते मला अनपॅक करायच्या आधीच तो दुसरा पूर्ण लागलेला पाहिजे, तिथे ही सामान-आत-टाका युक्ती चालत नाही, त्यामुळे ती फार जपून वापरतात.

आर्च लिनक्सचा पॅकेज मॅनेजर, पॅकमॅन, तर सरळ बोलूनच मोकळा होतो, डिपेन्डन्सीचं चक्र सापडलं, हार्फबझ त्याच्या फ्रीटाइप-२ च्या आधी बसवतोय, अशी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. नवीन माणसं ती वॉर्निंग बघून घाबरतात. घाबरू नका, ते चालतानाचं चक्र आहे, बांधून झालेल्या पॅकेजांचं.

मग भाच्याचा पुढचा प्रश्न बरोबर होता, मला आवडला. म्हणाला, डेबियनमध्येपण टिफ आणि वेबपी आहेतच, तिथेपण कोणीतरी ते बांधत असेलच, त्याला का नाही अडत?

त्याला म्हणलं, तुझी आई दही कशाने लावते? दह्याने. मग ते दही कशाने लागलं? कालच्या दह्याने. संपलं तर शेजारच्या काकूंकडून वाटीभर विरजण. डेबियनकडे कालचं टिफ आणि कालचं वेबपी तयार पडलेलं असतं, आजचं टिफ कालच्या वेबपीवर बांधतात. जीसीसी कंपायलर तर आणखी कमाल, तो स्वतः स्वतःच्याच भाषेत लिहिलेला, त्याला कंपाइल करायला कंपायलर लागतो. तो जुन्या कंपायलरने एकदा बांधतात, मग त्या नव्याने परत स्वतःला बांधतात, मग त्याच्याने परत, आणि दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा माल सारखा निघाला का ते ताडून बघतात.

प्रश्न येतो तो विरजणच नसेल तेव्हा. नवीन जातीचा प्रोसेसर आला, त्याच्यासाठी काहीच बांधलेलं नाही, जसं रिस्क-व्ही, जे २०२५ च्या डेबियन १३ मध्ये अधिकृत झालं. अशा वेळी डेबियनमध्ये बिल्ड प्रोफाइल नावाची सोय आहे, म्हणजे पॅकेजला सांगता येतं की या वेळी टेस्ट नको, डॉक्युमेंटेशन नको, अमुक फीचर नको, नुसतं उभं राहण्यापुरतं बांध. परत तेच, यूज फ्लॅगच्या बटणासारखं, हौस काढून टाकली की चक्र सुटतं. आणि पार टोकाचे लोकपण आहेत. आमच्याकडे दही अजिबात नसेल तर आजी कोमट दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकून ठेवायची, सकाळी काहीतरी आंबट पातळ व्हायचं, त्याचं विरजण वापरून मग नीट दही. गिक्स या लिनक्सच्या प्रकल्पाने २०२३ मध्ये तसंच केलं, फक्त ३५७ बाइटच्या एका बीजापासून सुरू करून, एकेक पायरी चढत, सगळं सोर्सवरून जीसीसीपर्यंत नेलं. ३५७ बाइट म्हणजे देवनागरीत साधारण एकशेवीस अक्षरं, तीही काना-मात्रा वेगळे मोजून.

दीड वाजता भाच्याचा मेसेज आला, चक्र तुटलं, आता ब्राउझर कंपाइल होतोय. पावणेतीनला ताईचा फोन. त्या लॅपटॉपचा पंखा रात्रभर ओरडतोय, गरम एवढा झालाय की खाली पाट ठेवलाय, तू काय सांगितलंस त्याला? तेव्हा आठवलं की डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी पॅकेजंपण देतं, म्हणजे ज्याला नको त्याने कंपाइल करायची सक्ती नाही, आणि तयार पॅकेज घेतलं असतं तर ते टिफ-वेबपीचं चक्र त्याच्यासाठी आधीच कुणीतरी सोडवून ठेवलेलं असतं. ते सांगायचं राहूनच गेलं. सकाळी सांगतो म्हणलं, आता मधेच बंद नको करायला लावू.